फोटो किती मोठा?

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा फ्लेक्स छापायचा होता, म्हणून एका संध्याकाळी मी डिझाइनवाल्याच्या दुकानात जाऊन बसलो होतो. माझ्याआधी एक गिऱ्हाईक होतं. तिशीतला तरुण, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन फोन, मागे तीन-चार पोरं. काम त्याच्याच वाढदिवसाच्या फ्लेक्सचं चाललं होतं, दहा बाय आठ फुटांच्या. स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स स्वतःच करून घ्यायचा आणि खाली ‘शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार’ असं टाकायचं, ही रीत आता इतकी रुळली आहे की तिचं कुणाला हसूही येत नाही.

“अजून मोठा कर,” तो म्हणाला.

“दादा, पाय कापले जातील.”

“जाऊ दे.”

संगणकावरच्या पोराने माउस ओढला. पाय गेले.

“अजून.”

“आता साहेबांच्या अंगावर जातंय.”

साहेब म्हणजे वरच्या कोपऱ्यात गोलात बसवलेले आमदार. इथे मात्र गडी थांबला. मिनिटभर स्क्रीनकडे बघून म्हणाला, “साहेबांना जरा बारीक कर.” मग मागे वळून पोरांना विचारलं, “चालतंय ना?”

“चालतंय की दादा!” पोरं एका सुरात म्हणाली. खालच्या पट्टीत त्यांचेही चेहरे होते, पासपोर्ट फोटोपेक्षाही लहान. मला वेळच वेळ होता, म्हणून मोजले. बावीस भरले.

घरी येताना मला एक शोधनिबंध आठवत होता. तोही फोटोच्याच आकाराबद्दल आहे. अरिजित चॅटर्जी आणि डोनाल्ड हॅम्ब्रिक या दोघांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या संगणक उद्योगातल्या कंपन्यांचे प्रमुख किती आत्मकेंद्री आहेत आणि त्याचा कंपनीवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं. आता एवढ्या मोठ्या साहेबाला ‘तुम्ही स्वतःच्या प्रेमात आहात का?’ अशी प्रश्नावली कोण भरायला देणार, आणि तो तरी ती भरून कशाला देईल? म्हणून दोघांनी वेगळी वाट काढली. कंपनीच्या वार्षिक अहवालात प्रमुखाचा फोटो आहे का? एकट्याचा आहे की सहकाऱ्यांबरोबर? अर्ध्या पानाहून मोठा आहे का? शिवाय कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकांत त्याचं नाव किती वेळा येतं, मुलाखतीत तो ‘आम्ही’ किती वेळा म्हणतो आणि ‘मी’ किती वेळा, आणि त्याचा पगार दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यापेक्षा किती पटींनी जास्त आहे, हेही त्यांनी मोजलं. असे १११ प्रमुख तपासले.

निष्कर्ष मोठा मासलेवाईक आहे. ज्यांचे गुण जास्त भरले, त्यांच्या कंपन्यांनी धोरणं धडाधड बदलली, दुसऱ्या कंपन्या जास्त विकत घेतल्या, मोठ्या विकत घेतल्या. त्यांचे निकाल कधी आभाळाला टेकायचे, कधी जमिनीत जायचे. पण सरासरी काढली तर या कंपन्या इतरांपेक्षा बऱ्याही नव्हत्या आणि वाईटही नव्हत्या. धुरळा तेवढा जास्त उडाला.

याच्या जोरावर त्या पांढऱ्या शर्टवाल्याला मी नार्सिसिस्ट ठरवून टाकावं का? मुळीच नाही. नगरपालिकेचं तिकीट हवं असेल तर आधी चौकात दिसावं लागतं, हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. कदाचित घरी जाऊन तो बायकोला भांडी घासू लागत असेल. उलट ज्याने आयुष्यात एकही फ्लेक्स लावला नाही, फेसबुकवर ज्याचं खातं नाही, जो चारचौघांत ‘मी तर बाबा साधा माणूस’ म्हणत फिरतो, त्याच्या घरात माणसांचा श्वास कोंडलेला असू शकतो. मोठा फोटो सहज दिसतो, म्हणून आपण तेवढाच धरून बसतो.

या आत्मकेंद्रीपणासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. मीपणा, अहंकार, बढाई, फुशारकी, शेखी मिरवणं, ‘आपलं तेच खरं’. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली, त्यात स्वतःची स्तुती स्वतःच करणाराही आहे. म्हणजे आपल्या परंपरेने याकडे दोष म्हणून पाहिलं, मूर्खपणा म्हणून पाहिलं, साधनेतला अडथळा म्हणून पाहिलं. मानसशास्त्र याच गोष्टीकडे स्वभावाची एक ठेवण म्हणून पाहतं आणि टोकाला गेल्यास विकार म्हणून. या ठेवणीला मराठीत कुणी आत्ममग्नता म्हणतं, कुणी आत्मप्रीती. ‘स्वमग्नता’ हा शब्द मात्र इथे कृपा करून वापरू नये. तो आपल्याकडे ऑटिझमसाठी रूढ झालेला आहे. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांच्या वाट्याला आधीच कमी गैरसमज येत नाहीत. त्यात हा आणखी एक नको.

नार्सिसिझम हा शब्द ज्या कथेतून आला ती ग्रीक आहे, पण ती आज आपण सांगतो तशी प्रथम रोमन कवी ओविडने लिहिली, इसवी सन ८ च्या सुमारास. नार्सिसस हा अतिशय देखणा मुलगा. तो जन्मला तेव्हा आंधळ्या भविष्यवेत्त्याने सांगितलं होतं की याने स्वतःला ओळखलं नाही तरच हा दीर्घायुषी होईल. पुढे तो तळ्यात आपलं प्रतिबिंब पाहतो, त्याच्यावर भाळतो, तिथून हलत नाही आणि झिजून मरतो. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कथेत एक मुलगी आहे, तिचं नाव इको. देवीच्या शापाने तिचं स्वतःचं बोलणं गेलं आहे. समोरचा जे बोलेल त्यातले शेवटचे शब्द तेवढे तिला परत म्हणता येतात. ती नार्सिससच्या प्रेमात पडते, तो तिला झिडकारतो, आणि झुरून झुरून तिचा फक्त आवाज उरतो. तो आवाजही तिचा नाही. नार्सिससासारख्या माणसांच्या शेजारी राहणाऱ्यांचं काय होतं ते पाहायचं असेल, तर कथेतला हा अर्धा भाग जास्त उपयोगी आहे.

शब्दाचा पुढचा प्रवास थोडक्यात असा : १८९८-९९ मध्ये इंग्लंडचे हॅवलॉक एलिस आणि जर्मनीचे पॉल नॅके यांनी या कथेचं नाव लैंगिक वर्तनाच्या वर्णनासाठी वापरलं. १९१४ मध्ये फ्रॉइडने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. खरा वाद रंगला तो १९७० च्या दशकात, आणि तोही व्हिएन्नात जन्मलेल्या, नाझींमुळे देश सोडावा लागलेल्या दोघांमध्ये. हाइन्झ कोहुटचं म्हणणं असं की लहान मुलाला आपल्या आईच्या डोळ्यांत आपल्याबद्दलचा आनंद दिसावा लागतो. तो पुरेसा दिसला नाही तर ते मूल मोठं होऊनही जन्मभर तोच आनंद इतरांच्या डोळ्यांत शोधत राहतं. ऑटो कर्नबर्ग म्हणाला, एवढं केविलवाणं चित्र काढू नका, या माणसांच्या आत राग आणि मत्सर खदखदत असतो आणि मोठेपणाचा डोलारा त्यावर उभा असतो. दोघांचेही शिष्य आजतागायत भांडताहेत. मला विचाराल तर दोघांनी वेगवेगळे रुग्ण पाहिले असावेत, एवढंच.

१९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या विकाराची अधिकृत नोंद झाली. तिच्या आजच्या आवृत्तीत नऊ लक्षणं दिली आहेत. स्वतःच्या महत्त्वाची फुगवलेली कल्पना, यशाची आणि सत्तेची दिवास्वप्नं, सतत कौतुकाची भूक, खास वागणूक हा आपला हक्कच आहे असं वाटणं, इतरांचा वापर करून घेणं, दुसऱ्याच्या भावनांची दखल न घेणं, हेवा, उद्धटपणा वगैरे. त्यांतली किमान पाच हवीत, ती तरुणपणापासून हवीत, आणि घर, नोकरी, मैत्री अशा सगळीकडे दिसायला हवीत. बायकोशी तोऱ्यात वागणारा आणि बॉससमोर शेपूट घालणारा माणूस लबाड असेल, पण लगेच विकारग्रस्त ठरत नाही. हा विकार किती जणांना असतो? सर्वेक्षणांचे आकडे शून्याच्या जवळपासून सहा टक्क्यांपर्यंत इतके पसरलेले आहेत की त्यांवर फार भिस्त ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने तर आपल्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, व्यक्तिमत्त्व विकारांच्या अशा पाट्या जवळजवळ काढूनच टाकल्या. त्रास किती गंभीर आहे आणि कोणत्या गुणांमुळे होतो, एवढं पाहा, असं त्यांचं सांगणं आहे. मला ते पटतं.

विकार थोड्यांना असतो, पण हा गुण उंचीसारखा आहे, कमीअधिक प्रमाणात सगळ्यांतच. थोडा हवाही असतो. नाहीतर रंगमंचावर कोण चढेल आणि असा लेख तरी कोण लिहील?

त्याचे दोन चेहरे मात्र ओळखायला हवेत. पॉल विंक या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये ते नीट वेगळे करून दाखवले. पहिला आपल्या ओळखीचा, गर्जणारा, सभा जिंकणारा. दुसरा रुसलेला. हा स्वतःची स्तुती करत नाही, उलट ‘आम्हाला कोण विचारतंय’ असं म्हणतो. लग्नघरातला मानपान आठवा. जेवणाच्या पंगतीला बोलवायला मुलीचा बाप स्वतः आला नाही, त्याने भाच्याला पाठवलं, एवढ्यावरून कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेले एखादे काका असतात. चार जण समजूत घालायला जातात, सहा जातात, नवरदेवाला उठवून नेतात. वरात खोळंबते. काका शेवटी दोन घास खातात, पण पुढची वीस वर्षं ती गोष्ट उगाळतात. अहंगंड आणि न्यूनगंड हे शब्द आपण विरुद्धार्थी म्हणून वापरतो. या काकांच्या पोटात ते दोन्ही एकाच ताटात जेवतात. गर्जणाऱ्यापेक्षा हा रुसणारा प्रकार घरात जास्त दमवतो, कारण गर्जणाऱ्याला निदान ‘पुरे’ म्हणता येतं. रुसलेल्याला ‘पुरे’ म्हणणारा स्वतःच दुष्ट ठरतो.

हे येतं कुठून? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा आहे हे दिसतं. उरलेल्याबद्दल नेदरलँड्समधलं एक काम मला महत्त्वाचं वाटतं. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी सात ते अकरा वर्षांच्या ५६५ मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा दर सहा महिन्यांनी माग घेतला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ‘आमचं मूल इतरांपेक्षा खास आहे, त्याला जास्त मिळायलाच हवं’ असं मानणाऱ्या आईवडिलांच्या मुलांत पुढे आत्मप्रीती वाढलेली दिसली. आईवडिलांची माया ज्यांना जाणवत होती त्या मुलांत मात्र वाढला तो साधा आत्मसन्मान. दोन्ही गोष्टी लाडाच्याच वाटतात, पण एक म्हणते ‘तू आम्हाला हवा आहेस’ आणि दुसरी म्हणते ‘तू सगळ्यांच्या वर आहेस’. शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं उभं राहा, ‘किती पडले?’ याच्या आधी ‘कुणाकुणाला तुझ्यापेक्षा जास्त पडले?’ हा प्रश्न ऐकू येतो.

आणि ‘वंशाचा दिवा’ हा तर आपल्या घराघरांतला लाडका प्रकल्प. एमिली ग्रिहाल्वा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली तीन दशकांतले अभ्यास एकत्र केले, पावणेपाच लाखांहून जास्त लोकांची माहिती. सरासरीत पुरुष स्त्रियांपेक्षा जास्त आत्मकेंद्री निघाले. पण गंमत पुढे आहे. मिरवण्याची, नटण्यामुरडण्याची, लोकांनी आपल्याकडे बघावं याची हौस दोघांत जवळपास सारखी होती. मोठा फरक पडला तो ‘हे माझ्या हक्काचंच आहे’ असं समजण्यात आणि इतरांना वापरून घेण्यात. सेल्फी काढणाऱ्या पोरींना नावं ठेवणाऱ्यांनी हे जरा सावकाश वाचावं. ताट वाढून समोर येईपर्यंत हात न हलवणाऱ्याचा फोटो कुठेच लागत नाही.

आता नात्यांबद्दल. सुरुवात नेहमी छानच होते, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण नंतर बळी पडलेला माणूस स्वतःलाच दोष देतो की मला आधी कसं कळलं नाही. जर्मनीतल्या मित्या बॅक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या भेटीत आत्मकेंद्री विद्यार्थीच इतरांना जास्त आवडले. टापटीप कपडे, प्रसन्न चेहरा, ठाम हालचाली, हजरजबाबीपणा. डेल्रॉय पॉल्हस याने १९९८ मध्ये असे गट सात आठवडे भेटवत ठेवले. पहिल्या भेटीत ज्यांच्यावर लोक खूश होते, त्यांच्याबद्दलच सातव्या आठवड्यात कुरकुर होती. कांदेपोह्यांचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा असतो. नोकरीची मुलाखतही तेवढीच.

आमच्या ओळखीचं एक जोडपं आहे. साहेबांचं गावात नाव, बोलण्यात मिठास, कुणाच्या अडीअडचणीला धावून जाणारे. गेल्या वर्षी एका कार्यक्रमानंतर आम्ही सात-आठ जण हॉटेलात गेलो. वेटरने वहिनींना विचारलं, “ताई, तुम्हाला?” साहेब फोनवर होते. वहिनी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “थालीपीठ.” फोन ठेवता ठेवता साहेब हसून म्हणाले, “तुला थालीपीठ कधीपासून आवडायला लागलं?” सगळे हसले. मीही हसलो. वहिनी वेटरला म्हणाल्या, “नको, डोसाच आणा.”

एवढंच झालं. कुणी आवाज चढवला नाही. अशा एका वाक्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण रोज एक धरलं तरी पंचवीस वर्षांत अशी नऊ हजार वाक्यं होतात. त्यांतून जे शिकलं जातं ते असं, की माझी आवड, माझी आठवण, माझा राग यांची खातरजमा त्याच्याकडून करून घ्यायची. डॉक्टरने ‘कुठे दुखतंय?’ विचारलं तरी नवऱ्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. इको ती हीच. पंचवीस वर्षांनी तिच्याजवळ शेवटचे शब्द उरतात, तेही त्याचे. नवऱ्याच्या जागी सासू असेल, बाप असेल, बायको असेल किंवा संस्थेचा संस्थापक अध्यक्ष असेल, रचना बदलत नाही. फ्लेक्सच्या दुकानातली ‘चालतंय की दादा’ म्हणणारी पोरं त्याच शाळेच्या बालवर्गात आहेत.

समोरच्याला स्वतःच्या स्मृतीबद्दलच संशय वाटायला लावणं, याला हल्ली गॅसलायटिंग म्हणतात. शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या ‘गॅस लाइट’ या नाटकावरून आला. १९४४ च्या चित्रपटात इन्ग्रिड बर्गमनने ती बायको साकारली आणि ऑस्कर मिळवलं. नवरा वरच्या मजल्यावर चोरून वावरतो तेव्हा घरातले गॅसचे दिवे मंद होतात. बायको ते सांगते आणि तो म्हणतो, तुला भास होतात. ‘मी असं म्हणालोच नव्हतो’, ‘तुझ्या डोक्यात काहीतरी आहे’, ‘तुला गंमतही कळत नाही’ ही त्याची आपल्या स्वयंपाकघरातली रूपं. प्रत्येक थाप म्हणजे गॅसलायटिंग नव्हे, हेही खरं. तीच थाप इतकी वर्षं मारली जाते की ऐकणारी दिव्याकडे बघणंच सोडून देते, तेव्हा त्याला हा शब्द शोभतो.

या माणसांचा राग टीका झाली की उसळतो. ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९८ मध्ये विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि काही जणांच्या निबंधावर मुद्दाम अपमानकारक शेरे दिले. मग एका खेळात, शेरा देणाऱ्या समजल्या जाणाऱ्या माणसाच्या कानात कर्कश आवाज सोडायची मुभा त्यांना दिली. आत्मप्रीतीचे गुण जास्त असलेल्यांपैकी ज्यांचा अपमान झाला होता, त्यांनी सगळ्यांत मोठा आवाज सोडला. साध्या आत्मसन्मानाचा या आक्रमकतेशी संबंध आढळला नाही. स्वतःबद्दल बरं वाटणारा माणूस वाईट शेरा वाचून खट्टू होतो आणि चहा प्यायला जातो. ज्याला आपण सर्वश्रेष्ठ असल्याची पावती सतत लागते, त्याची पावतीच फाडली जाते.

समाजाबद्दल बोलताना बहुतेक लेखक इथे मोबाइलवर घसरतात. क्रिस्टोफर लॅशने ‘द कल्चर ऑफ नार्सिसिझम’ हे पुस्तक १९७९ मध्ये लिहिलं, तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. २००९ मध्ये जीन ट्वेंगी आणि कीथ कॅम्पबेल यांनी तरुणांत याची साथच आली आहे असं मांडलं. मग २०१७ साली युनिके वेट्झेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांतल्या हजारो विद्यार्थ्यांची जुनीनवी माहिती ताडून पाहिली, तर १९९० च्या दशकापासून गुण किंचित घटलेलेच आढळले. २०२४ मध्ये उलरिख ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी सदतीस हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं घेतलेला माग एकत्र केला. वयाबरोबर आत्मप्रीती हळूहळू कमी होते, पण समवयस्कांत जो पुढे असतो तो पुढेच राहतो. थोडक्यात ‘आजची पिढीच तशी’ हे बोलणं प्रत्येक पिढीतल्या म्हाताऱ्यांचं आहे. आम्हीही तरुणपणी काही साधुसंत नव्हतो.

मला जास्त काळजी वाटते ती सामूहिक आत्मप्रीतीची. अग्निएश्का गोलेत दे झावाला या पोलिश मानसशास्त्रज्ञेने २००९ पासून यावर काम केलं आहे. आपला गट थोर आहे आणि इतरांना त्याची पुरेशी जाणीव नाही, ही ती भावना. आपल्या गावावर, भाषेवर, जातीवर माया असणं वेगळं. माया असलेला माणूस गावातला बंद पडलेला आड उपसतो. सामूहिक आत्मप्रीती असलेला माणूस आडाकडे ढुंकून बघत नाही, पण शेजारच्या गावात आपल्या गावाबद्दल कुणी काय बोललं हे तो चटकन ऐकतो. गोलेत दे झावालाच्या अभ्यासांत हीच माणसं काल्पनिक अपमानही शोधून काढतात आणि सूड घ्यायला तयार असतात.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकातल्या मजकुराचा राग होता. तो मजकूर संतापजनक होता, यावर फारसं दुमत नाही. जमावाला माणसासारखं निदान चिकटवता येत नाही, हेही मी जाणतो. पण त्या दिवशी तुटली, फाटली ती पुस्तकं आणि हस्तलिखितं आपलीच होती, आपल्याच इतिहासाची. दुखावलेला अभिमान आणि त्या अभिमानाची वस्तू यांत जमावाला फरक करता आला नाही. ‘भावना दुखावल्या’ हे वाक्य त्यानंतर आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते कुठल्या गटाचं आहे हेही आता विचारावं लागत नाही.

मग आत्मकेंद्री माणसं बदलतात का? थोडी बदलू शकतात. एरिका हेपर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग केला. घरगुती हिंसाचार सोसलेल्या बाईचं बोलणं ऐकताना आत्मकेंद्री माणसं एरवी थंड राहतात. पण ‘तिला काय वाटत असेल याची कल्पना करा’ असं स्पष्ट सांगितल्यावर त्यांनाही कळवळा आला. पुढे असंच सांगून ऐकवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोकेही इतरांसारखे वाढले. म्हणजे यंत्र मोडलेलं नसतं, बहुधा बंद असतं. मानसोपचारांनीही फरक पडतो, पण त्याला वर्षं लागतात आणि त्या माणसाने स्वतःहून जायला हवं. तो सहसा जात नाही. गेलाच तर नोकरी गेल्यावर किंवा बायको माहेरी गेल्यावर, आणि तेही नैराश्याची तक्रार घेऊन.

तेव्हा तो कधी बदलेल याची वाट बघत बसू नका. हल्ली रील बघून नवऱ्याला, सासूला, बॉसला ‘नार्सिसिस्ट’ ही पाटी लावण्याची हौस वाढली आहे. पाटी लावल्याने दोन दिवस बरं वाटतं, पण बोलणं पुन्हा त्याच्याबद्दलच सुरू राहतं. तो असा का, तो तसा का, त्याच्या लहानपणी काय झालं. फोटो पुन्हा त्याचाच मोठा होतो. त्याचं निदान तुम्ही करायची गरज नाही आणि कायद्यालाही ते लागत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात मारहाणीबरोबर अपमान, टोमणे, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांचाही समावेश आहे, करणारा विकारग्रस्त असो की ठणठणीत.

समुपदेशकाकडे एकटीने किंवा एकट्याने जाता येतं. तिथे आपल्याबद्दल बोलायचं. झोप लागते का, पैसे कुणाच्या हातात असतात, जुन्या मैत्रिणीशी शेवटचं कधी बोललात, जेवायला काय आवडतं. जवळपास कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो करायला घरात कुणाची परवानगी लागत नाही.